आठ मिनिटांचा ढोल

"आठ मिनिटं सदतीस सेकंद," मी म्हणालो आणि स्टॉपवॉच बुन्मीच्या नाकासमोर धरलं. "सदतीस सेकंद जास्त. घंटा वाजली, तू बाद. चला घरी."

बुन्मीनं वाकडी काठी ढोलाच्या दोऱ्यांत खोचली आणि हसली. "सर, मधेच मॅडम अंगणात आल्या ना."

"आल्या म्हणून काय झालं?"

"त्यांना 'या' म्हणायला नको?"

मॅडम म्हणजे माझी बायको, शैलजा. ती दोरीवरचे कपडे काढायला आली होती. कपड्यांचा ढीग छातीशी धरून ती बुन्मीला म्हणाली, "मला कळलं हं. बरं वाटलं." आणि मग मला, मराठीत, "अहो, किती जीव खाल पोरीचा?"

"परवा परीक्षक खातील, त्यापेक्षा आज मी खाल्लेला बरा," मी म्हणालो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं.

ही गोष्ट १९८२ सालची, नायजेरियातल्या ओयो गावची. त्या काळी तिकडे शाळा भराभर निघाल्या होत्या आणि शिकवायला माणसं नव्हती. त्यामुळे आमच्यासारखे गणिताचे आणि शास्त्राचे मास्तर विमानं भरभरून गेले. मी ओयोच्या माध्यमिक शाळेत गणित शिकवायचो, आणि गावात माझी कीर्ती होती ती गणितासाठी नव्हे. सकाळी आठच्या ठोक्याला मी वर्गाचं दार आतून लावून घ्यायचो. नंतर आला तो बाहेर, मग तो कुणाचाही मुलगा असो.

बुन्मी माझी जुनी विद्यार्थिनी. पूर्ण नाव अयानबुन्मी. तिच्या घरात सगळ्यांचीच नावं 'अयान'नं सुरू होतात, कारण ते घराणं ढोलवाल्यांचं. आमच्या गल्लीच्या वळणावरच त्यांचं घर होतं. बारसं भल्या पहाटे असलं की वडिलांबरोबर हिला वाजवायला जावं लागायचं आणि शाळेत यायला आठ वाजून दहा मिनिटं व्हायची. एका वर्षात मी तिला अकरा वेळा बाहेर ठेवलं. ती खिडकीखाली बसून बीजगणित ऐकायची. पासही झाली. माझ्यावर तिचा राग नव्हता, पण विसरलीही नव्हती.

त्यांचा मुख्य ढोल म्हणजे एक भलामोठा डमरू. खांद्याला पट्ट्यानं अडकवायचा, कडेला पितळी घुंगरं. एका हातानं बाजूच्या दोऱ्या आवळायच्या नि सैल सोडायच्या, दुसऱ्या हातानं वाकड्या काठीनं वाजवायचं. दोऱ्या आवळल्या की आवाज चढतो, सोडल्या की उतरतो. योरुबा भाषाच अशी चढउताराची आहे, त्यामुळे हा ढोल नुसता वाजत नाही, बोलतो. माणसं रस्त्यानं जाताना ढोल त्यांची नावं घेतो, वाडवडिलांची कामं सांगतो, विचारपूस करतो, चिमटेही काढतो. या ढोलाला ते 'आई' म्हणतात. आणि या आईला हात लावायचा तो मात्र पुरुषांनी. बायकांनी फार तर शेजारचा लहान ढोल वाजवावा.

पण बुन्मीच्या वडिलांपुढे, बाबा अयानदेले यांच्यापुढे, इलाज राहिला नव्हता. थोरला मुलगा लागोसला टॅक्सी चालवायचा, धाकटा बँकेत चिकटला होता, आणि बाबांची बोटं सांधेदुखीनं वळेनाशी झाली होती. चार वर्षं बुन्मीच तो ढोल वाजवत होती, बाबा शेजारी बसून मान हलवत होते आणि गाव कुजबुजत होतं.

तेवढ्यात जाहिरात आली. राज्याचं लोककला पथक उभं राहणार, देशोदेशी जाणार. मुख्य ढोलवादकाची एकच जागा. निवड शनिवारी, इबादान शहरात. बाबांनी बुन्मीला समोर बसवून सांगितलं, "जा. घेतलं तर हा ढोल तुझा. माझ्या आजोबांचा आहे, मी स्वतः तुझ्या गळ्यात घालीन आणि मग गावाला काय बोलायचं ते बोलू दे. नाही घेतलं तर तो चुलत्याच्या घरी जाईल आणि तू आत्याच्या कापडाच्या दुकानात. पुन्हा हा विषय काढायचा नाही."

तिथला नियम होता आठ मिनिटांचा. सुरुवात, राजाची स्तुती, शेवटी नाच. मधे काही नाही, आणि आठ मिनिटांनी घंटा. ही पोरगी लग्नात सलग चार तास वाजवायची, घड्याळाशी तिचा संबंधच आला नव्हता. मग गावात घड्याळाचा माणूस कोण? ती ढोल घेऊन माझ्या अंगणात हजर झाली.

तीन आठवडे मी तिला घासून घेतलं. गुरुवारी संध्याकाळी एकदाचं सात मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांत आटपलं. मी खूश. ती पायरीवर बसून पाणी प्यायली आणि म्हणाली, "सर, एक विचारू? तुमचे वडील काय करायचे?"

"करतात. आहेत अजून."

"काय करतात?"

"वाहतूक."

"म्हणजे लॉरी?"

"तसंच काहीतरी."

तिचं तोंड उतरलं. "लॉरीवरून काही बांधता येत नाही हो. तीन वर्षं झाली, गल्लीतल्या सुताराला, रताळीवालीला, सगळ्यांना माझा ढोल घराण्यासकट हाक मारतो. तुम्ही आलात की नुसतं 'मास्तर, नमस्कार'. मलाच लाज वाटते."

शैलजा दारात शेंगा सोलत बसली होती. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा शेंगांत डोकं घातलं. 'वाहतूक' हा शब्द मी कॉलेजात असल्यापासून वापरत आलो होतो. खोटा नव्हता, आणि पुढचे प्रश्न त्यानं बंद व्हायचे. मी म्हणालो, "मला काही नको. तू शनिवारी फक्त समोर बघ आणि वाजव. कुणी येऊ दे, जाऊ दे, छप्पर पडू दे. आठ मिनिटं."

"बरं सर," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी मला शाळेत परीक्षेवर देखरेखीचं काम होतं. त्यामुळे बुन्मी, बाबा, लहान ढोलांचे दोन साथीदार आणि शैलजा असे सगळे सातलाच टॅक्सीनं पुढे गेले. तिचा नंबर पाचवा, अकराला. मी साडेनऊला माझी फोक्सवॅगन काढली. तासाभराचा रस्ता. हिशेबानं साडेदहाला मी सभागृहात, हातात घड्याळ घेऊन, पहिल्या रांगेत.

अर्ध्या वाटेवर सुरणाची लॉरी आडवी झाली होती. तिकडचे सुरण, ज्यांना ते याम म्हणतात, मांडीएवढे असतात. सगळा रस्ता त्यांनी भरला होता. ड्रायव्हर डोक्याला हात लावून बसला होता आणि माणसं शांतपणे एकेक याम उचलून कडेला रचत होती. मी हॉर्न वाजवला. एक बाई मला म्हणाली, "साहेब, हॉर्ननं याम उठत नाहीत. हात लावा." मग काय, इस्त्रीचा शर्ट घालून मी अर्धा तास याम वाहिले. दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो. आयुष्यात मी कुठं उशिरा गेलो नव्हतो, आणि आज, नेमका आज, चाललो होतो.

सभागृहाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती. बाहेरूनच ढोल ऐकू आला. तीन आठवडे ऐकून तो तुकडा मला पाठ झाला होता. राजाची स्तुती चालू होती आणि वेळ अगदी बरोबर चालली होती. शाब्बास, मी मनात म्हटलं आणि हळूच आत शिरून मागं बसावं म्हणून समोर दिसेल ते दार ढकललं.

ते मागचं दार नव्हतं. ते थेट रंगमंचाच्या बाजूला, परीक्षकांच्या टेबलाशेजारी उघडत होतं आणि कुरकुरतही होतं. दोनशे माणसांनी माझ्याकडे पाहिलं. बुन्मीनंही पाहिलं.

आणि तिची काठी थांबली.

लहान ढोल मागं चालूच होते. तिनं क्षणभर ढोल काखेत सावरला, अंग माझ्याकडे वळवलं आणि ढोल बोलायला लागला. मला त्यातलं काही कळत नव्हतं, एवढंच कळत होतं की हे आपल्या आठ मिनिटांतलं नव्हे. मी मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटून तिला खुणावलं. वाजव बाई, पुढे वाजव! तिनं लक्षच दिलं नाही. आधी सभागृहात कुणीतरी हसलं. मग हुंकार उठला, मग दुसरा. ढोलानं तेच बोल पुन्हा घेतले, या वेळी सावकाश. पहिल्या रांगेतला एक पांढऱ्या केसांचा माणूस उठून उभा राहिला आणि आपली खुर्ची त्यानं मला दिली. मी बसलो. बसल्यावर सवयीनं घड्याळ पाहिलं. बावन्न सेकंद गेले होते.

मग ती परत वळली, राजाची स्तुती संपवली, नाच धरला आणि नाच रंगात येतो न येतो तोच घंटा झाली. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. तीन आठवड्यांची मेहनत, त्या पोरीचं सगळं आयुष्य, आणि ते मी एक दार ढकलून मातीत घातलं होतं.

टेबलामागं दोघे होते. एक सुटातले अधिकारी, घंटा त्यांच्यापुढं. दुसरे अयानलेरे म्हणून वयोवृद्ध ढोलवादक. गालात सुपारीसारखं कोलाचं बी धरून ते डोळे मिटून बसले होते, झोपलेत की काय असं वाटावं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "नंबर पाच, मधे का थांबलात?"

"कुणी आलं, सर," बुन्मी म्हणाली.

"कोण? मंत्री?"

लोक हसले. "माझे गणिताचे सर," ती म्हणाली.

"तुम्हाला नियम सांगितला होता. ठरलेल्या तीन भागांशिवाय काही वाजवायचं नाही, आणि तुमचा तिसरा भाग अपुरा राहिला."

मी उठलो. "साहेब, चूक माझी आहे. उशिरा मी आलो. तिला पुन्हा आठ मिनिटं द्या. ती बरोबर आठ मिनिटांत करते, मी स्वतः मोजलंय."

"मास्तर, खाली बसा," अयानलेरे म्हणाले. त्यांनी डोळे उघडले होते. मला नीट निरखून त्यांनी विचारलं, "तुमचे वडील नावाडी काय?"

तीन वर्षांत त्या देशात मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. कॉलेजातल्या मित्रांनाही सांगितलं नव्हतं. "तुम्हाला... तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आत्ता हिनंच सांगितलं. इथं सगळ्यांना कळलं, तुम्हाला सोडून." आणि त्यांनी बोटानं टेबलावर ठेका धरून ढोलाचे बोल इंग्रजीत सांगितले, माझ्यासाठी, एकेक ओळ थांबून. "ज्याच्या बापानं उशिरा येणाऱ्यासाठी नाव धरून ठेवली, तो आला. ज्याच्या बापानं काठावर कुणाला मागं ठेवलं नाही, तो आला. उशीर झाला तरी या. नाव अजून काठालाच आहे."

मी मान वळवली. तिसऱ्या रांगेत शैलजा बसली होती आणि पदराचं टोक दातात धरून माझ्याकडे बघत होती.

अयानलेरे अधिकाऱ्यांकडे वळले. "सकाळपासून पाच जण ऐकले. म्हातारा माणूस मी, दोनदा उठून बाहेर जाऊन आलो. याच दारानं आलो. पहिले चौघं घड्याळाला घाबरून सरळ समोर बघत वाजवत राहिले. माझ्या आजोबांचं नाव या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण एकाच्याही ढोलाला मी दिसलो नाही. हिला एक परका मास्तर दिसला."

"पण नियम आहे, बाबा," अधिकारी म्हणाले.

"असू दे की. परदेशात हिच्यासमोर माणसंच बसणार आहेत ना? का नुसती घड्याळं?"

यावर अधिकारी हसले. मीही हसलो असतो, पण माझं घड्याळ मी बाहीखाली लपवण्याच्या गडबडीत होतो.

चार वाजता फळ्यावर कागद लागला. एकच आकडा होता, पाच. बुन्मी कागदापुढं नुसती उभी राहिली. बाबा अयानदेले काठी टेकत पुढं आले. त्यांनी तिच्या गळ्यातला ढोल उतरवला, त्याला कपाळ लावलं आणि दोन्ही हातांनी पुन्हा तिच्या गळ्यात घातला. मग न वळणाऱ्या बोटांत काठी कशीबशी धरून त्यांनी त्यावर चार टोले मारले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

बुन्मीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "म्हणाले, आईला घेऊन घरी चल."

परत येताना ती नि शैलजा माझ्या गाडीत बसल्या. मी म्हणालो, "हे कुणी सांगितलं तिला, ते मी विचारत नाही."

"विचारा की," शैलजा म्हणाली. "तुम्ही वाहतूक म्हणालात. मी फक्त तपशील दिला."

तपशील असा होता. कृष्णाकाठी, भिलवडीजवळ आमचं गाव. पूल तेव्हा नव्हता. माझे वडील, तात्या आंबी, नाव चालवायचे. माझी शाळा पलीकडच्या काठावर, आणि मी बापाच्याच नावेतून जायचो. नाव भरलेली असायची, माणसं कुरकुरत असायची, आणि तात्या वल्हं धरून मळ्याच्या वाटेकडे बघत उभे. "थांबा वाईच, गवळ्याची म्हातारी यायची हाय." म्हातारी यायची, मग पाटलाचा गडी यायचा, मग कुणाचं तरी वासरू. मी रोज उशिरा. रोज गुरुजींची छडी. पोरं म्हणायची, बाप नावाडी आणि पोरगं सगळ्यात शेवटी. बारा वर्षांचा असताना मी ठरवलं, आपण आयुष्यात कुणासाठी थांबणार नाही. आणि खरोखरच थांबलो नव्हतो. वर्गाचं दार मी कुणाच्या तोंडावर लावत होतो, ते मला त्या गाडीत पहिल्यांदा दिसलं. फार वाईट वाटलं.

"बुन्मी," मी म्हणालो, "अकरा वेळा मी तुला बाहेर ठेवलं. आणि तू माझ्यासाठी असलं वाजवलंस?"

"तुमच्यासाठी कुठं, सर? म्हणून तर वडिलांचं सांगितलं," ती मागच्या सीटवरून म्हणाली. "तुमचं स्वतःचं काय सांगणार होते? आठ वाजले, दार लागलं?"

शैलजा इतकी हसली की मलाही हसावंच लागलं.

त्या रात्री मी तात्यांना पत्र लिहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, गावचे गुरुजी वाचून दाखवायचे. सगळं लिहिलं. 'दोनशे माणसांत तुमचं काम ढोलावर वाजलं, एका म्हाताऱ्यानं उठून मला खुर्ची दिली,' असं लिहिलं. 'मी इथं तुमचं काम लपवत होतो, माझं चुकलं,' हेही लिहिलं. दीड महिन्यानं गुरुजींच्या अक्षरात उत्तर आलं. सुरुवातीला पीकपाणी, म्हैस व्याली, काकूचा गुडघा. माझ्या चुकीबद्दल एक अक्षर नव्हतं. शेवटी एकच ओळ: 'ती पोरगी पार झाली का, तेवढं कळव.'

पोरगी पार झाली. त्या पथकाबरोबर ती देशोदेशी गेली. मग विद्यापीठात ढोल शिकवायला लागली, आणि पुढं तिनं स्वतःचं पथक काढलं, सगळ्या मुलींचं. आम्ही १९८५ साली परत आलो. तात्या त्यानंतर चार वर्षांनी गेले. परतल्यावर मी सांगलीच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत शिकवलं आणि आठच्या ठोक्याला दार लावलं नाही. मुख्याध्यापकांनी दोनदा खुलासा मागितला. दिला.

२०१२ च्या जानेवारीत बुन्मीचा फोन आला. तिचं पथक पुण्याला येत होतं. "सर, साडेसहाला. आता तरी वेळेवर याल ना?"

"तू काळजी करू नकोस," मी म्हणालो.

शैलजा आणि मी सव्वासहालाच नाट्यगृहावर पोचलो. पासवर पुढच्या रांगेतले नंबर होते. लोक आत गेले, तिसरी घंटा झाली, आतून ढोल सुरू झाले. मी बाहेरच्या बाकावरून हललो नाही.

दारावरचा माणूस म्हणाला, "आजोबा, सुरू झालं. जाताय ना आत?"

"जातो. थोडा उशीर होऊ दे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. शैलजा त्याला म्हणाली, "राहू द्या हो. सत्तरीला आलेत, आत्ता कुठं जमायला लागलंय त्यांना."

सहा वाजून छत्तीस मिनिटांनी मी उठलो आणि दार ढकललं. रंगमंचावर बाराजणी होत्या. मधोमध बुन्मी, केस पिकलेले, गळ्यात पणजोबांचा ढोल. आम्ही दोघं हात धरून मधल्या वाटेनं पुढं चाललो. लोक पाय आवरत होते, कुणीतरी "श्श" केलं. तेवढ्यात तिनं पाहिलं. अकरा ढोल हलके झाले आणि एकटा तो मोठा ढोल माझ्याकडे वळून बोलायला लागला. आता मला अनुवादाची गरज नव्हती. ज्याच्या बापानं उशिरा येणाऱ्यासाठी नाव धरून ठेवली, तो आला. मी तिथंच, रांगांच्या मधे, दोन्ही हात जोडून उभा राहिलो आणि रडलो.

कडेच्या खुर्चीवरच्या एका गृहस्थांनी शैलजाला दबक्या आवाजात विचारलं, "काय झालं हो? मधेच का थांबले?"

"काही नाही," शैलजा म्हणाली. "आमच्या मामंजींची ओळख करून देतायत."